पडणाऱ्यासाठी गादी

गादी शिवून झाली की हाफिजा ती तळहाताने दाबून बघत नसे, कोपर टेकवून बघे. तळहाताला सगळंच मऊ लागतं, असं तिचं म्हणणं. कोपर टेकवायचं, अंगाचा भार टाकायचा आणि ते सरळ खाली जातं की वाटेत गाठीवर अडतं ते पाहायचं. अडलं तर तिथला टाका उसवायचा, कापूस मोकळा करायचा आणि पुन्हा भरायचा. तिचा नवरा मौला दुकानाच्या फळीवर बसून म्हणायचा, "बास की आता. नवरदेव झोपायचाय तिच्यावर, तुजं कोपर न्हाई."

हाफिजा गडहिंग्लजची. लग्न होऊन कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या बोळात आली ती थेट कापसाच्या ढिगातच उतरली. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मौला पिंजारी. कापूस पिंजायच्या त्याच्या धनुकलीचा टण् टण् आवाज सकाळी सुरू झाला की दिवेलागणीलाच थांबायचा. भातात कापूस, केसांत कापूस, पाण्याच्या घागरीवर कापूस. काही वर्षांनी तोच कापूस मौलाच्या छातीत जाऊन बसला. खोकला हटेना. डॉक्टरांनी पिंजायला बंदी केली, तेव्हा हाफिजाने पदर नाकातोंडावर गुंडाळला आणि धनुकली खांद्याला लावली. बाई पिंजते म्हणून सुरुवातीला बोळात कुजबूज झाली. मग एका लग्नात तिची गादी गेली, तिथून दुसऱ्या लग्नात, आणि जे लोक कुजबुजायचे तेच गिऱ्हाईक होऊन यायला लागले.

गिऱ्हाईक आपला कापूस आपणच आणायचं आणि पिंजून, भरून, टाके पडेपर्यंत समोरच्या फळीवरून हलायचं नाही. पिंजाऱ्याने चांगला कापूस काढून जुना भरला तर? म्हणून घरची एखादी म्हातारी डबा घेऊन सकाळपासून राखणीला बसायची. तरुणपणी मौलाला त्याचा राग यायचा. हाफिजा मात्र त्यांना चहा पाजायची. "त्यांचा जीव कापसात हाय," म्हणायची, "बसू देत की."

तिचा स्वतःचा जीव होता गौसमध्ये. गौसच्या आधीची दोन मुलं जगली नव्हती. त्यामुळे हा एक वाचला, वाढला, तेवीस वर्षांचा बाप्या झाला, उद्यमनगरात लेथवर कामाला लागला, तरी हाफिजाची भीती काही मोठी झाली नाही. ती त्याच्या पाळण्यापाशीच राहिली. रोज संध्याकाळी तो तालमीतून आला की ती त्याच्या मानेपासून घोट्यापर्यंत हात फिरवायची.

"अम्मा, हाडं मोजतीस काय?"

"मोजतीया. सकाळी जेवढी दिलेली तेवढी आणलीस का बघतीया."

तालमीत तो मर्दानी खेळ शिकायचा. लाठी, पट्टा, भाला. त्याचे वस्ताद हंबीरराव मौलाचे जुने मित्र. मोहरमात तालमीत पीराचा पंजा बसायचा, तेव्हा त्याच्या बैठकीची गादी दरवर्षी मौलाच्या घरून जायची आणि ती हंबीरराव स्वतः डोक्यावरून न्यायचे. अशा माणसाच्या हाती पोर आहे म्हणून हाफिजा गप्प होती. लाठीच्या खेळात अंगाला लाठी लागू द्यायची नसते, बोटभर अलीकडे थांबवायची असते, हे तिने हंबीररावांकडून शंभरदा वदवून घेतलं होतं.

ही गोष्ट सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची. तेव्हा शहराला कराट्याचं वेड लागलं होतं. परदेशातली मारामारीची पिक्चरं लागायची आणि खेळ सुटला की पोरं थेटराच्या पायऱ्यांवरच एकमेकांवर लाथा झाडायची. ते बघून एका निर्मात्याने ठरवलं की आपणही तसलं पिक्चर काढायचं, पण मराठी. कराट्याच्या लाथा आणि आपल्या मातीतली लाठी एकत्र करायची आणि मध्ये आईची कहाणी घालायची. म्हणजे पुरुषांना हाणामारी आणि बायकांना डोळ्याला लावायला पदर. कहाणी साधी होती. विधवेची इस्टेट तिच्या दिराने लुबाडलेली. मुलगा दूर राहून विद्या शिकून येतो. दीर आईला गुळाच्या वखारीत कोंडतो. मुलगा गुंडांना लोळवत वरच्या सज्जावरून खाली उडी घेतो आणि आईला सोडवतो. मारामारी बसवायला हंबीररावांना बोलावलं. हंबीररावांनी तालमीतली पोरं नेली. शाहूपुरीतली गुळाची एक दुमजली वखार हंगाम नसल्याने रिकामी होती, तिथं शूटिंग सुरू झालं.

कंपनीला गाद्या लागत होत्या. हंबीरराव मौलाकडे आले.

"मौलाभाई, जुन्या द्या. वापरून वापरून बसलेल्या."

"नव्या हायत की चांगल्या."

"नगंत नव्या. जुन्याच बऱ्या."

असल्या दगडासारख्या गाद्या आपल्या दुकानातून जाताना बघून हाफिजाला शरम वाटली. रोज रात्री त्या दुकानात परत यायच्या. एका सकाळी बघितलं तर त्यांच्यावर बुटांचे ठसे होते आणि शिवणीशिवणीला गूळ चिकटून मुंग्यांची रांग लागली होती.

"गाद्यास्नी मुंग्या कशा रं?" तिने गौसला विचारलं.

"पिक्चरात लगीन हाय. जिलब्या सांडल्या."

"आनि लगनात बूट घालून गादीवर कोन चढलं?"

"वऱ्हाड लई अडाणी हाय अम्मा," म्हणून गौस जो सटकला तो सरळ लेथवर.

खरं काय ते धोंडुबाईने सांगितलं. धोंडुबाई शेजारीण. पिक्चरला गर्दी लागली की तिला बोलावणं यायचं. बाजारातली बाई, देवळातली बाई, मयताला जमलेली बाई, हे तिचे ठरलेले रोल. त्या दिवशी ती वखारीत 'घाबरलेली बाई' होऊन आली होती.

"हाफिजा, तुजं पोरगं नाव काढनार बग!"

"कशात?"

"अगं, हिरो नुसता तोंडानं 'हूं हा' करतोय. त्येच्या जागी तुजा गौस. तसाच सदरा, तसाच भांग. मागनं बगितलं तर हिरोची आईबी फसंल. आनि उद्याच्याला वरच्या सज्जावरनं उडी त्योच मारनार हाय."

"खाली काय हाय?"

"खाली फरशी. म्हंजी, फरशीवर गाद्या. तुज्याच की गं!"

हाफिजा हातातलं दाभण कापसात खोचून ठेवायला विसरली. ते हातातच राहिलं.

संध्याकाळी गौसच्या ताटात भाकरी पडली, आमटी पडली, आणि त्यावर प्रश्न पडला.

"सज्जा किती उंच हाय?"

गौसने बापाकडे बघितलं. मौलाने खोकून वेळ काढला.

"अम्मा, त्यात काय न्हाई. सरावात धा येळा मारलीया उडी. गाद्या हायत खाली."

"त्या? त्या मुंग्या लागलेल्या?"

"वस्तादांनी शब्द दिलाय कंपनीला."

"वस्तादांनी शब्द दिला, हाडं मी दिल्यात."

गौस जेवायचा थांबला. तो चिडला नाही. म्हणाला, "लेथवर दिसभर लोखंड कापतोय अम्मा. कोन बगत न्हाई. ही एक उडी आक्खं कोल्हापूर बघंल. माजं तोंड न्हाई दिसनार, चाललंय की. पन उडी माजी असनार."

हाफिजाला नकार द्यायचा होता. पण गौसने तोंडातला घास तसाच धरून ठेवला होता, लहानपणी जत्रेला जायला परवानगी मागताना धरायचा तसा. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग म्हणाली, "मारायचीच तर माज्या गादीवर मार."

घरात एक कापूस होता. गौसच्या लग्नासाठी तिने ठेवलेला, लांब धाग्याचा, सरकी न् सरकी हाताने वेचून काढलेला. दुसऱ्या दिवशीचं शूटिंग दुपारी होतं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. पहाटेच तिने तो काढला. एकदा पिंजला, मग पुन्हा पिंजला. दोन गाद्यांचा कापूस एका खोळीत भरला. टाके लांब लांब घातले, म्हणजे कापूस आवळायला नको. कोपर टेकवलं तर ते लोण्यात जावं तसं गेलं. आयुष्यात इतकी मऊ गादी तिने केली नव्हती. मौला म्हणाला, "हंबीररावानं जुन्या मागितलेल्या." ती म्हणाली, "त्यांना काय ठावं? त्यांचं पोर न्हाई ते." हातगाडीवर गादी घालून ती स्वतः शाहूपुरीत गेली.

वखारीत दिवे लागले होते. कॅमेरा, वायरी, माणसं. एका कोपऱ्यात पांढरं लुगडं नेसलेली पिक्चरातली आई खुर्चीवर चहा पीत होती. हाफिजाने कुणाला विचारलं नाही. सज्जाखालच्या मुंग्या लागलेल्या गाद्या बाजूला ओढायला लावल्या आणि आपली गादी तिथे पसरली. ती एवढी फुगली होती की धोंडुबाई म्हणाली, "अगं, ही गादी हाय का गाभण म्हैस?"

हंबीरराव आले. त्यांनी गादीवर पाय ठेवला. पाय घोट्यावर गेला. त्यांनी वर बघितलं, हाफिजाकडे बघितलं. ती पदर सावरून म्हणाली, "वस्ताद, दोनदा पिंजलाय." हंबीररावांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गौसनेही गादी पायाने चाचपली. त्याने वस्तादांकडे बघितलं, मग आईकडे. तिचे डोळे रात्री झोप न झाल्याने तांबडे झाले होते आणि केसांत कापूस होता.

"चालतंय," गौस म्हणाला.

हाफिजा गादीशेजारी बसली, गिऱ्हाईक बसतं तशी. दिग्दर्शकाने तिला कॅमेऱ्यात येतेस म्हणून चार हात मागे सरकवलं. वर सज्जात लाठ्या वाजल्या. गौसने दोघांना उडवलं, एका पायावर गिरकी घेतली आणि कठड्यावर चढून खाली झेप टाकली.

गादीने त्याला गिळलं. चिखलात दगड पडावा तसा तो आत गेला, आणि आतून फरशीवर टाच आपटल्याचा आवाज आला. मोठा नव्हता आवाज. पण गौस उठला नाही.

सगळे धावले. हाफिजाही गेली. ती ओरडली नाही, रडली नाही. गुडघ्यावर बसून तिने गौसच्या पायाशेजारी कोपर टेकवलं आणि भार टाकला. कोपर कापसातून सरळ खाली गेलं आणि फरशीला लागलं. तिच्या सगळं ध्यानात आलं. झोपणाऱ्या माणसाचा भार हळू येतो, कापूस त्याला जागा देत देत धरतो. पडणाऱ्याचा भार एकदम येतो. तिने पोरासाठी जगातली सर्वांत मऊ गादी केली होती आणि तिच्या खाली काहीच ठेवलं नव्हतं.

हंबीररावांनी पाय हातात घेतला. तालमीच्या वस्तादाला मोडलं-मुरगळलं बघायची सवय असते. अंगठ्याने घोट्याभोवती दाबत गेले. "मोडलं न्हाई," म्हणाले, "मुरगाळलंय. आंबेहळद आनि रक्तबोळाचा लेप लावा. ऊठ रं, लई लाडात येऊ नगंस."

दिग्दर्शक पुण्याचे, भले गृहस्थ. त्यांनी गौसची चौकशी केली, रिक्षा मागवली, आणि मग हंबीररावांना म्हणाले, "दुसरा मुलगा मुंबईहून बोलवावा लागेल. दिवाळीला गूळ यायला लागला की ही वखार आपल्याला मिळायची नाही."

"दिवाळीला येळ हाय," हंबीरराव म्हणाले. "तवर बाकीचं उरका. माजा गडी उभा ऱ्हातोय."

हाफिजाने ते ऐकलं. रिक्षात तिने गौसचा पाय मांडीवर धरून ठेवला.

गौसला घरी निजवला तो त्याच गादीवर. दुसरं करणार काय? त्याच्या पायाला पिवळाजर्द लेप आणि अंगाखाली ती ढगासारखी गादी. धोंडुबाई बघायला आली आणि म्हणाली, "आता बग कसा शोभतोय. संस्थानिक!"

तो दोन-चार दिवसांनी बसायला लागला, तेव्हा हाफिजा लेप बदलता बदलता म्हणाली, "तुला कळलं न्हाई का रं, पाय आत जातोय ते?"

"कळलं की."

"आनि वस्तादास्नी?"

"त्यास्नीबी कळलं."

"मग बोलला का न्हाई कुनी?"

"तू समोर बसलेलीस," गौस म्हणाला.

हाफिजाने त्याच्याकडे बघितलं. तिला इतका संताप आला की तिने लेपाची वाटी खाली आपटली. "मी समोर बसलीया म्हणून हाड मोडून घ्यायचं? मुडद्या! आनि त्यो म्हातारा? मिशा हायत का नुसतं केस?"

मौला फळीवरून म्हणाला, "तुला तोंडावर न्हाई म्हणायचं म्हंजी सज्जावरनं उडी मारन्यापरास अवघड. मला ठावं हाय."

गौस हसायला लागला. हसता हसता पाय हलला, तसा ओरडला, मग पुन्हा हसला. हाफिजाही हसली, पण डोळे पुसत. हसणं ओसरल्यावर गौस गंभीर झाला.

"अम्मा, वस्ताद थांबल्यात माझ्यासाठी. पन तू न्हाई म्हणलीस तर न्हाई मारत. मुंबईचा पोरगा मारंल."

आता त्याने सगळं तिच्यावर टाकलं होतं. नाही म्हणायला आता तिच्याकडे सुजलेला घोटा होता, पुरावाच होता. बोळातल्या कुणीही तिलाच दुजोरा दिला असता. ती दिवसभर पिंजत राहिली. गिऱ्हाईक म्हणून आलेली एक म्हातारी राखणीला बसली होती. हाफिजाला वाटलं, ही बाई सकाळपासून इथं डोळे लावून बसलीय, पण हिच्या बसण्याने गादी चांगली होत नाही. गादी चांगली होते ती माझ्या हाताने.

दुपारी तिने धनुकली उतरवली आणि ती तालमीकडे गेली.

तालमीत बाया जात नाहीत. हाफिजा उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि कडी वाजवली. हंबीरराव लंगोटावर पंचा गुंडाळत आले आणि तिला बघून दारातच थबकले. त्यांना वाटलं, आता काही आपली धडगत नाही.

"वहिनी, माजं चुकलं. मी बोलायला पायजे हुतं."

"ते ऱ्हाऊ द्या. मला येवढंच सांगा, तालमीत गडी दिसभर आपटत्यात. त्यांची हाडं का मोडत न्हाईत?"

हंबीररावांनी मागे तालमीत बोट दाखवलं. मग म्हणाले, "माती हाय न्हवं."

"दावा."

उंबऱ्याच्या आत हौदा होता, कुस्तीची लाल माती भरलेला. हंबीररावांनी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, म्हणजे तिला बाहेरून दिसावं. फावडं घेतलं आणि कडेची माती उकरून दाखवली. "ह्यात ताक जातंय, त्याल जातंय, हळद जाती. वरची वीतभर माती रोज उकरायची. भुसभुशीत. गडी पडला की ती त्याला धरती. पन खालची माती न्हाई उकरायची. ती वरीसवरीस तुडवून बसलेली. वरच्या मातीनं धरायचं आनि खालच्या मातीनं त्वालायचं. खाली दम नसंल तर वरचा मऊपना काय कामाचा?"

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि ते मिशीवरून हात फिरवत फावड्याकडे बघू लागले. हाफिजाला राग आला नाही. तिने हात पुढे केला. हंबीररावांनी घमेल्यात दोन थरांची माती वेगवेगळी काढून उंबऱ्यावर ठेवली. तिने आधी वरची चिमटीत धरली, मग खालच्या ढेकळावर कोपर टेकवलं. भर रस्त्यात वाकून एक बाई मातीवर कोपर दाबतेय हे बघून दोन सायकलवाले थांबले.

"काय हरवलं काय हो?" एकाने विचारलं.

"सापडलं," हाफिजा म्हणाली.

नवी गादी करायला तिला बरेच दिवस लागले, कारण तशी गादी तिने कधी बघितलीच नव्हती. तळाला तिने नारळाचा काथ्या घातला, धोपटून धोपटून. त्यावर त्याच जुन्या गाद्यांचा बसलेला कापूस, मुंग्या झाडून, उन्हात तापवून. त्यावर आडवेउभे टाके इतके जवळ जवळ की बोटं सुजली. सगळ्यात वर नव्या कापसाचा वीतभर थर. मौला आता गिऱ्हाइकाच्या फळीवर बसून देखरेख करी.

"नवरदेवाच्या गादीत काथ्या घातला असता तर वरातच परत आली असती."

"नवरदेव सज्जावरनं उडी घेत न्हाई."

"मी घेतलेली. तुज्याशी लगीन केलं तवा."

गादी झाली तशी तिने कोपर टेकवलं. वर ते गेलं, मग थांबलं, आणि थांबताना कुठेही टोचलं नाही. मग तिने गौसला उठवून तिच्यावर आधी उभं केलं, मग ओट्यावरून उडी मारायला लावली, मग पिंपावरून. प्रत्येक वेळी दरडावून विचारलं, "खरं सांग. मी समोर बसलीया म्हणून बोलायचं न्हाई असं करू नगंस." एकदा तो म्हणाला, "डावीकडं जरा गाठ लागती." तिने ताबडतोब तिथले टाके उसवले. तिला त्या तक्रारीचा इतका आनंद झाला की तिने त्याला शेवयांची खीर केली.

शूटिंगच्या दिवशी ती पुन्हा गादीशेजारी बसली. दिग्दर्शकांनी चार हात मागे सरकायला सांगायच्या आत स्वतःच सरकली. हंबीररावांनी गादीवर पाय ठेवला, दुसरा ठेवला, उड्या मारल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "वहिनी, डाव्या अंगाला वर जरा जास्ती भरलंय." तिने दाभण आणलंच होतं. तिथल्या तिथे टाका आवळला. दिवेवाले, कॅमेरावाले, पिक्चरातली आई, सगळे थांबले.

गौस वर जाताना गादीपाशी वाकला. तालमीत माती कपाळाला लावतात तशी त्याने गादीला बोटं लावली आणि कपाळाला नेली. हाफिजाने मान फिरवली.

लाठ्या वाजल्या. गिरकी झाली. मग सज्जावरून तो सदरा हवेत आला आणि हाफिजाने डोळे मिटायचं ठरवलं होतं, ते तिला जमलं नाही. तिने सगळं बघितलं. तो पडला, गादीने त्याला धरलं, मग तोललं, आणि तो एका खांद्यावर कोलांटी घेऊन उभा राहिला. धोंडुबाईने 'घाबरलेली बाई' असल्याचं विसरून टाळ्या वाजवल्या. तिला ओरडा बसला.

पुढचा प्रसंग लावेपर्यंत वेळ होता. पिक्चरातली आई हाफिजाजवळ येऊन गादीच्या कडेला बसली.

"मागच्या वेळी तो पडला तेव्हा मी इथंच होते," ती म्हणाली. "मला रडायचं असतं ना आता, तो पडून उठतो तेव्हा. पण तुम्ही तर रडलाच नाहीत."

"कवा रडू?" हाफिजा म्हणाली. "आधी मानेपासनं घोट्यापातूर हात फिरवून बगायला नगं, काय मोडलं ते?"

बाईंनी मान हलवली आणि दिग्दर्शकांकडे जाऊन बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या.

पिक्चर पुढच्या उन्हाळ्यात लागलं. मौला, हाफिजा आणि धोंडुबाई बाल्कनीत बसले. गौस खाली मित्रांत. हाफिजाला पिक्चर आवडलं. दीर भलताच नालायक होता. उडीचा प्रसंग आला तसं थेटर श्वास धरून बसलं. सदरा हवेत आला. हाफिजाला पाठ ओळखू आली, आणि मानेवरचा तो लहानपणीच्या गळवाचा डागही, जो दुसऱ्या कुणालाच दिसला नसेल. मग पडद्यावरचं चित्र क्षणात बदललं आणि फरशीवर हिरो पडलेला दिसला. मधला गादीचा तुकडा पिक्चरातून कापून टाकला होता. पिक्चरातली आई धावत आली. सगळ्यांना वाटलं, आता हंबरडा फोडणार. तिने फोडला नाही. ती गुडघ्यावर बसली आणि मुलाच्या मानेपासून घोट्यापर्यंत हात फिरवत गेली, मुकाट्याने, आणि घोट्यापाशी आल्यावर तिचा हात थांबला. आख्ख्या बाल्कनीत हुंदके फुटले.

शेजारची अनोळखी बाई तर पदरात तोंड खुपसून म्हणत होती, "मेलं गं लेकरू!"

"रडू नगा बाई," हाफिजा तिच्या कानाशी म्हणाली. "खाली गादी हाय."

"कुठं हाय? फरशीच तर दिसतीया."

"दिसत न्हाई, पन हाय."

"तुमास्नी काय ठावं?"

"मीच भरलीया."

त्या बाईने रडणं थांबवून हाफिजाकडे नीट बघितलं आणि हळूच नवऱ्याच्या बाजूला सरकली. धोंडुबाईला हसू आवरेना. पुढचा सगळा दुःखाचा भाग त्या दोघींनी तोंडात पदर कोंबून काढला.

खेळ सुटला. बाहेर पोरं लाथा झाडत होती, आणि काही जण चक्क काठ्या फिरवत होते. गौस सायकल धरून पानपट्टीपाशी उभा होता. त्याला कुणी ओळखत नव्हतं. एक पोरगा त्याच्याच पाठीवर थाप मारून सांगत होता, "काय उडी हाय लेका हिरोची! आपल्या बापाला जमनार न्हाई."

"न्हाईच जमनार," गौस म्हणाला.

हाफिजा गर्दीतून वाट काढत आली आणि तिने सरळ त्याच्या मानेवर हात ठेवला. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर.

"अम्मा, लोकं बगत्यात!"

"बगू देत. आत्ता आत पडद्यावर ह्येच बगून रडलीच की सगळी." ती वाकून त्याच्या घोट्यापर्यंत गेली. घोटा साफ बरा होता, सूज नव्हती, हाडं जागच्या जागी होती. मग ती सायकलच्या कॅरियरवर बसली आणि मौला-धोंडुबाईला म्हणाली, "तुमी या चालत. मला घाई हाय. हंबीररावांनी आनकी दोन गाद्या सांगितल्यात, सकाळी काथ्या यायचाय."

गौसने पायडलवर पाय टाकला. घरी त्या पहिल्या मऊ गादीची वळकटी माळ्यावर तशीच ठेवलेली होती, त्याच्या लग्नासाठी. त्या गादीत काही दोष नव्हता. फक्त तिच्यावर पडायचं नव्हतं, झोपायचं होतं.